श्वास असावा तर असा

टोपली माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात चौदा फोन, चार घड्याळं, एक जपमाळ आणि तंबाखूची एक पुडी होती. मी मोजलं. घाबरले की मी मोजत बसते.

"ज्याच्यावर तुम्ही टेकता, ते आज इथं ठेवायचं," निरंजनदादा म्हणाले. "ज्याच्याशिवाय आपला दिवस जाणार नाही असं वाटतं ना, तेच. पाच वाजता परत मिळेल. बहुतेकांना तेव्हा ते नको असतं."

माझ्या उजवीकडे सोनवणेकाका बसले होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते खिसे चाचपत म्हणाले, "पुडी टाकली. आता बायकोच राहिली, ती घरी आहे."

सगळे हसले. दादाही हसले. मी फोन ठेवला, मग पर्समधली कानात घालायच्या बोळ्यांची डबी काढून तीही ठेवली. डबी हातातून सुटली तेव्हा पोटात खड्डा पडला. पण दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला बरं वाटलं.

नाशिकहून गिरणाऱ्याच्या पुढे गेलं की द्राक्षबागांमध्ये ते बैठं घर होतं. शिबिराचा दिवाणखाना मुद्दाम माझ्यासारख्यांसाठी बनवल्यासारखा. ट्यूबलाइट नाही. पंख्याची घरघर नाही. खुर्च्या वाजू नयेत म्हणून त्यांच्या पायांना जाड लोकरी नमदा चिकटवलेला. उदबत्ती नाही, अत्तर लावून यायचं नाही. पडद्यातून गाळून आलेलं ऊन आणि बागेत मारलेल्या गंधकाचा किंचित वास, बस. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एक खोली माझ्या कातडीचा विचार करून मांडली होती.

मी तिथं का गेले, ते सांगायला हवं.

रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मी सातपूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागले होते. कायम व्हायला दोन महिने राहिले होते. एके दुपारी मला द्रावकांच्या कोठारापाशी वास आला, म्हणजे आलाच असं वाटलं, आणि मी अलार्म दाबला. एकशे चाळीस माणसं दोन तास उन्हात उभी राहिली. तपासणीत काहीही सापडलं नाही. एक झाकण सैल नव्हतं की एक थेंब सांडलेला नव्हता.

मॅनेजर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "वैदेही," ते म्हणाले, "काम चांगलं आहे तुझं. पण मिक्सर लागला की दचकतेस, कुणी मोठ्यानं बोललं की डोळ्यांत पाणी. आणि आता हे. पुन्हा एक खोटा अलार्म झाला तर मला तुला कायम करता येणार नाही. कुणाला तरी दाखव स्वतःला."

डॉक्टर म्हणाल्या, आजार नाही. तुझा स्वभाव अतिसंवेदनशील आहे, त्याच्यासोबत राहायला शिकायचं. शिकवणार कोण, याचा शोध मी नमुना तपासावा तसा घेतला. चार लाइफ कोच, सात निकष, एक तक्ता. शिक्षण, अनुभव, पूर्वीची माणसं काय सांगतात, वगैरे. सातव्या निकषाला मी दुप्पट गुण ठेवले होते: फोनवर बोलताना भीती किती वाटली. जितकी कमी, तितके गुण जास्त.

एकजण फोनवरच मला वाघीण म्हणाला. दुसरा रोज पहाटे स्वतःचे व्हिडिओ पाठवू लागला. तिसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय बदलायचंय?" आणि उत्तराची वाट बघत गप्प राहिल्या. माझं काळीज इतकं धडधडलं की मी फोन ठेवला. त्यांना शून्य.

चौथे निरंजनदादा.

"लहानपणी लोकरीचा स्वेटर टोचायचा तुला?" त्यांनी विचारलं होतं.

"हो."

"आणि घरात कुणी न बोलता रागावलेलं असलं, तर ते दारातच कळायचं?"

"हो."

"तुझी चूक नाही गं ती. बाकीच्यांना कातडी आहे, तुला नाही. आपण ती करू."

मी फोनवर रडले. भीती शून्य, म्हणजे गुण पैकीच्या पैकी. रविवारचा दिवस बघून जा, असं ते म्हणाले. संध्याकाळी पाच वाजता ते वर्षभरासाठी फक्त सहा जणांची निवड करणार होते, आणि त्या सहांत माझं नाव यावं याशिवाय त्या सकाळी मला दुसरं काहीही नको होतं.

टोपली आत गेली. मग आम्हा नव्या लोकांना एकेक सोबती नेमून दिला. सोबती म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासून तिथं मुक्कामाला असलेली जुनी माणसं. माझ्या वाट्याला मेघनाताई वाघचौरे आल्या. सिन्नरला शाळेत गणित शिकवायच्या. पस्तिशीच्या असतील. सडपातळ, मोठे डोळे, ओठ सुकलेले.

"नवी का तू?" माझ्याशेजारी बसत त्या म्हणाल्या. "घाबरू नको. पहिल्या दिवशी मी चपला हातात घेऊन बसले होते, पळायला सोप्या म्हणून."

"मग पळाला नाहीत?"

"एकीचा पट्टा तुटला." त्या हसल्या आणि बाटलीतलं पाणी घटाघट प्यायल्या. "ही माझी तिसरी वेळ. दोनदा निवडलं नाही दादांनी. यंदा मात्र मी कच्चं काही ठेवलं नाही."

तेव्हा मला तो वास आला.

पिकलेल्या, थोड्या उतरलेल्या फळासारखा गोडसर, आणि त्याच्या आत काहीतरी थंड, टोकदार. ओळखायला मला क्षणही लागला नाही. ॲसिटोन. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुऊन झाली की शेवटी ॲसिटोननं विसळतात, लवकर वाळावीत म्हणून. मी ते रोज करत होते. साहजिकच माझ्या मनात पहिलं हेच आलं की हा वास माझ्याच हातांना आहे, शनिवारचा.

"काय झालं?" मेघनाताईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

दादा खोलीच्या मध्यभागी येऊन बसले. त्यांचा आवाज फार हळू होता. ऐकायला सगळ्यांना किंचित पुढं वाकावं लागायचं.

"आपल्यासारखी माणसं श्वास अर्धाच घेतात," ते म्हणाले. "वरच्या वर. घाबरलेल्या सशासारखा. मी आज शिकवणार नाही. तुम्ही फक्त मेघनाकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. मेघनाताई डोळे मिटून बसल्या होत्या. श्वास खोल, अगदी पोटापासून येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मध्ये खंड नाही. छातीचा भाता कुणीतरी बाहेरून चालवत असावं तसा.

"शुक्रवारी आली तेव्हा हिला असा श्वास येत नव्हता," दादा म्हणाले. "दोन दिवसांत शरीर सगळं सोडायला लागलं. श्वास असावा तर असा."

आम्ही बावीस माणसं त्यांच्यासारखा श्वास घ्यायचा प्रयत्न करू लागलो. मला जमेना. मिनिटाभरात चक्कर आली. मी डोळे उघडले. मेघनाताईंचा तसाच चालू होता. आपण ठरवून घेतो तो श्वास मधूनच चुकतो, एखादा लहान, एखादा मोठा. त्यांचा एकही चुकत नव्हता. मी मोजले. मिनिटाला साधारण अठ्ठावीस, मनातल्या मनात सेकंद धरून.

मला भीती वाटली. आणि ती वाटल्याबरोबर मी स्वतःला म्हणाले, बघ, झालं सुरू.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. नमुन्याचा आकडा मर्यादेबाहेर आला तर तो नको म्हणून फेकून देता येत नाही. आधी कारण शोधायचं: भांडं मळलेलं होतं का, यंत्र बिघडलं होतं का, मोजणारा चुकला का. कारण सापडलं तरच आकडा खोडायचा. कामावर मी हा नियम कधीही मोडला नव्हता. स्वतःच्या बाबतीत मात्र मी आलेला प्रत्येक आकडा वर्षानुवर्षं तसाच खोडत होते. कारण एकच: मोजणारी मी आहे.

त्या दिवशी निदान भांडं तरी तपासावं, असं मला वाटलं.

मी बाहेर नळावर गेले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वास घेतला. साबण. ओढणीचा घेतला. काही नाही. परत येऊन मुद्दाम सोनवणेकाकांच्या बाजूला टेकले. तंबाखू आणि इस्त्रीचा वास. मग मेघनाताईंजवळ गेले. ॲसिटोन. नखांकडे बघितलं, रंग नव्हता, की काढल्याची खूण नव्हती. त्या श्वास सोडायच्या तेव्हा वास वाढायचा, घ्यायच्या तेव्हा कमी व्हायचा.

दुपारी थोडी सुट्टी झाली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बाटली पुन्हा रिकामी.

"ताई, सकाळी काय खाल्लंत?"

"भूकच नाही गं कालपासून. मळमळतंय." त्यांनी पोटावर हात ठेवला. "दादा म्हणतात, चांगलं आहे. जुनं बाहेर पडतंय."

"तहान फार लागते?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. ताई, तुम्हाला शुगर आहे का?"

त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "इथं आजाराचं नाव घ्यायचं नसतं, वेडे."

"आहे ना?"

"अकरा वर्षांची असल्यापासून टोचून घेतेय मी. दिवसातून चारदा. शाळेत डबा खायच्या आधी, बाथरूममध्ये लपून." श्वासामुळे त्यांचं वाक्य मध्ये मध्ये तुटत होतं. "शुक्रवारी टोपली आली. ज्याच्यावर टेकता ते ठेवा, म्हणाले. बाकीच्यांनी फोन ठेवले. मी मनात म्हटलं, मेघना, खोटं बोलू नको. तू फोनवर टेकत नाहीस."

"इन्सुलिन? शुक्रवारपासून?"

"दादांनी नाही गं सांगितलं तसं. मीच ठेवलं. त्यांनी इन्सुलिनचा पाऊच बघितला आणि नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "तेव्हापासून मी टोचलं नाही आणि बघ, जिवंत आहे. सव्वीस वर्षं लोक मला घाबरवत होते."

दादा व्हरांड्यात मोसंबं सोलत उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले.

"दादा, मेघनाताईंच्या श्वासाला ॲसिटोनचा वास येतोय. इन्सुलिन बंद झालं की असं होतं. हा श्वास... तो चांगला श्वास नाहीये. शरीर ॲसिड बाहेर टाकायला बघतंय. त्यांना दवाखान्यात न्यायला हवं."

त्यांनी एक फोड माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही.

"वास कुणाला येतोय?"

"मला."

"आणखी कुणाला?"

"मी विचारलं नाही."

"वैदेही, फोनवर तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. कारखान्यातली. त्या दिवशीही वास आला होता ना?"

"हो."

"किती माणसं उन्हात उभी राहिली?"

"एकशे चाळीस."

"आणि काय सापडलं?"

"काही नाही."

"आत्ता पोटात कसं वाटतंय तुला?"

"खड्डा पडल्यासारखं."

"तेव्हा?"

"तसंच."

"मग?" ते म्हणाले. अजिबात रागानं नाही, खूप प्रेमानं. "मेघना मोठी बाई आहे. ती पहिल्यांदा तिच्या भीतीशिवाय जगतेय. तुला ते बघवत नाहीये, कारण तुझी भीती तुला सोडायची नाहीये. मी कुणाला अडवत नाही. फाटक उघडं आहे. पुन्हा तीच मुलगी व्हायचं की पाच वाजेपर्यंत थांबायचं, ते तू ठरव."

त्यांच्या बोलण्यात मला चूक सापडेना. आकडे माझे होते, मीच दिलेले. मी आत जाऊन बसले.

हे मी कुणाला सहसा सांगत नाही. मी आत जाऊन बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळं टोपलीत होती. कदाचित अर्धा तास. मेघनाताईंपासून दोन जागा दूर बसले, म्हणजे वास येणार नाही. तरीही आला. मी तोंडानं श्वास घ्यायला लागले.

मग त्यांना उलटी झाली.

कुणीतरी पुढं होऊन त्यांना धरलं. "सोड, मेघना," दादा म्हणाले, "सगळं सोड. आपण सगळे आहोत." आणि सगळे एका सुरात म्हणाले, "आम्ही तुझ्यासोबत आहोत." सकाळी ते शिकवलेलं होतं. बावीस माणसं, दारं-पडदे लावलेले, तो हळू, मऊ आवाज. "आम्ही तुझ्यासोबत आहोत." माझेही ओठ हलत होते.

मेघनाताईंनी मान उचलून माझ्याकडे बघितलं. डोळे माझ्यावर होते, पण नजर लागत नव्हती. "सुनी," त्या म्हणाल्या, "घंटा झाली का गं?"

माझं नाव सुनी नाही. तिथं कुणाचंच नव्हतं.

मी उभी राहिले. खुर्ची नमद्यामुळे आवाज न करता मागे सरकली. "यांना आत्ता दवाखान्यात न्यायचंय," मी म्हणाले. म्हणजे तसं म्हणायचं होतं. बाहेर आलं ते अर्धं रडणं होतं. "गाडी कुणाकडे आहे? प्लीज. यांना शुगर आहे. शुक्रवारपासून इन्सुलिन घेतलं नाहीये."

कुणी हललं नाही.

"वैदेही," दादा म्हणाले, "आम्ही तुझ्यासोबत आहोत."

आणि सगळ्यांनी ते वाक्य उचललं. या वेळी माझ्याकडे तोंड करून. मी आयुष्यात खूप गोष्टींना घाबरले आहे, अलार्मला, कुकरच्या शिटीला, लग्नातल्या बँडला. पण त्या प्रेमळ आवाजाइतकी भीती मला कधीच वाटली नाही. वाटलं, आता बसले तर परत कधी उठणार नाही.

सोनवणेकाकांचे ओठ हलत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "खात्री आहे का तुझी?"

तोवर मी आयुष्यभर याच प्रश्नाला घाबरत आले होते. मी मेघनाताईंकडे बघितलं, त्यांच्या न चुकणाऱ्या श्वासाकडे.

"नाही," मी म्हणाले. "खात्री नाही."

"मग?"

"तपासायला दोन मिनिटं लागतात. बोटातून एक थेंब. यंत्र त्यांच्या पाऊचमध्ये असेल."

"हां," काका उठले. "असं बोल ना. इंजिनातून आवाज आला की आपण गाडी कडेला घेतो. खात्री झाल्यावर थांबू म्हणालो तर पॅसेंजर दरीत." ते दादांकडे वळले. "साहेब, टोपली कुठंय?"

"आतल्या खोलीत," दादा म्हणाले. "घ्या ना. मी कुठं अडवलंय?"

खरोखरच कुणी अडवलं नाही. आतल्या खोलीला कडी नव्हती. आमच्या टोपलीशेजारी शुक्रवारची टोपली होती, तिच्यात फुलाफुलांचा एक शिवलेला पाऊच होता. इन्सुलिनची दोन पेनं, सुया, आणि साखर मोजायचं यंत्र. काकांनी त्यांची व्हॅन दाराशी लावली. मेघनाताईंना आम्ही दोघांनी उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. दारातून वीस माणसं बघत होती, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मदतीला पुढं कुणी आलं नाही. त्यांना वाटत असावं की पुढं आलं तर निवड व्हायची नाही. अर्ध्या तासापूर्वी मलाही तेच वाटलं होतं.

व्हॅनमध्ये मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. तीनदा टोचावी लागली. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. पडद्यावर नुसती खूण आली. ते यंत्र सहाशेपर्यंत मोजतं. त्याच्या पलीकडे ते आकडा देत नाही.

"काय आलं?" काकांनी समोर बघतच विचारलं.

"मोजता येत नाहीये. फार वर आहे."

"टोचायचं का ते औषध?"

"किती टोचायचं मला माहीत नाही. काका, लवकर घ्या."

"घेतोय. तू बोलत राहा तिच्याशी. झोपू देऊ नको."

मी त्यांना पाढे म्हणायला लावले. गणिताच्या बाई. सतराच्या पाढ्याला त्या अडुसष्टपर्यंत बरोबर आल्या, पुढं नुसता श्वास. मग मीच सतराचा पाढा म्हणत राहिले, गिरणाऱ्यापासून नाशिकपर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक आकड्यानंतर त्यांचा श्वास ऐकत राहिले.

दवाखान्यात त्यांना थेट अतिदक्षता विभागात नेलं. तासाभरानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "रक्तातलं ॲसिड प्रचंड वाढलंय. सलाइन, इन्सुलिन चालू केलंय. आज रात्र बघू." मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिता लिहिता विचारलं, "असा श्वास कधीपासून चालू होता?"

"सकाळपासून," मी म्हणाले. "कदाचित त्याच्या आधीपासून."

"सकाळपासून?" त्यांनी मान वर केली. "आणि इतकी माणसं होती ना तिथं? काय करत होती?"

काका जमिनीकडे बघत होते.

"आम्ही सगळे तसाच श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतो," मी म्हणाले.

डॉक्टर आत गेल्यावर काका बाकावर टेकले. मग म्हणाले, "मला अजिबात वास आला नाही गं. इतका वेळ गाडीत होती, तरी नाही. बिड्या-तंबाखूनं नाक गेलंय माझं." थोड्या वेळानं म्हणाले, "तू दुसरीकडे बसली असतीस तर?"

मी तो विचार तेव्हा केला नाही. नंतर केला. अजूनही करते.

निघताना मी टोपलीतून माझा फोन उचलला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. निरोप होता. 'प्रिय वैदेही, आज तू उभी राहिलीस. यासाठीच मी मेघनाला तुझी सोबती नेमलं होतं. सहापैकी पहिलं नाव तुझं आहे. होकार कळव.'

आणि मला आनंद झाला.

सहा वर्षांनी मला हे लिहिताना खोटं बोलायचं नाही. दवाखान्याच्या बाकावर, कपड्यांवर मेघनाताईंच्या उलटीचे डाग, समोर लाल दिवा लागलेला, आणि छातीत एकदम ऊब आली. पहिलं नाव. पोटातला खड्डा भरून आला. सकाळपासून पहिल्यांदाच मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

"कुणाचा गं?" काकांनी विचारलं.

"कारखान्यातून," मी म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. निरोप पुसला नाही, उत्तरही दिलं नाही. मंगळवारी दोनदा वाचला. बुधवारी 'हो' लिहून खोडलं. बुधवारी रात्री मेघनाताईंना साध्या खोलीत हलवल्याचा काकांचा फोन आला, म्हणून गुरुवारी सकाळी मी भेटायला गेले.

त्या उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला, हातावर सुयांचे काळेनिळे डाग. पण श्वास साधा झाला होता. मधूनच लहान, मधूनच मोठा, कुणाचाही असतो तसा. मी नकळत पुढं वाकून वास घेतला. डेटॉल आणि खोबरेल.

"ये," त्या म्हणाल्या. "आई रडत होती तुझ्यासाठी. म्हणजे, तुझे आभार मानताना." मग त्यांनी दाराकडे बघितलं. आई बाहेर गेली आहे याची खात्री केली. शिबिरात करायच्या तसाच आवाज खाली आणला.

"वैदेही, यादी लागली का गं? तुझं नाव आलं?"

मी मान हलवली. "आलं."

"वाटलंच होतं मला." त्या हसल्या. मग ओठ थरथरायला लागले आणि त्यांनी चादर तोंडावर ओढली. "माझं नाही आलं. तिसऱ्यांदा. मी सगळं ठेवलं होतं गं टोपलीत. सगळं. माझं काय चुकलं?"

मी त्यांचा हात धरला, दुसऱ्या हातानं फोन काढला आणि त्यांच्यासमोरच उत्तर लिहिलं: 'नाही.' पाठवायला अंगठा उचलला तेव्हा माझे हात बर्फासारखे गार पडले होते आणि काळीज कानात वाजत होतं. ते थांबायची वाट न बघता मी उत्तर पाठवून दिलं.